ग्रीसला शिडाच्या बोटीवर एक आठवडा: सात दिवसांत नऊ बेटं होतील का?

मंद्रसप्तक | १४ फेब्रुवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सप्टेंबरात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत आणि बायकोने आत्ताच सांगून ठेवलंय की या वेळी महाबळेश्वरचं नाव काढलंस तर एकटा जा. तर स्टुटगार्टला असलेली मेहुणी, साडू, त्यांची १४ वर्षांची मुलगी, आम्ही दोघं आणि माझी आई (वय ७१, गुडघे सोडले तर ठणठणीत) असे सहा जण ग्रीसमध्ये शिडाची बोट भाड्याने घेऊन आठवडाभर बेटं फिरायची असं डोक्यात आहे. साडूने यूट्यूबवर इतके व्हिडिओ बघितलेत की तो घरातसुद्धा आता डावं-उजवं म्हणत नाही, पोर्ट-स्टारबोर्ड म्हणतो.

मी एक एक्सेल शीट केलीये. अथेन्सहून निघून केआ, मायकोनोस, डेलोस, पारोस, नाक्सोस, इओस, सँटोरिनी, मिलोस, सिफनोस आणि परत अथेन्स. सात दिवस, नऊ बेटं, मधे अर्धा दिवस आराम.

प्रश्न असे आहेत. लायसन लागतं का? खर्च साधारण किती? आईला झेपेल का? शाकाहारी लोकांचे हाल होतात का? आणि (हा बायकोचा प्रश्न) बोटीवर कुकर लावता येतो का?

काडेपेटी | १४ फेब्रुवारी, रात्री ११:०५

एवढ्या पैशात मोठ्या क्रूझवर स्विमिंग पूल, बुफे, रात्री नाचगाणी सगळं येतं, भांडी पण घासावी लागत नाहीत. बाकी तुमची मर्जी.

हॅम्बुर्गचा_हरी | १५ फेब्रुवारी, रात्री १:३०

दादा, पहिलं काम म्हणजे ती एक्सेल शीट प्रेमाने डिलीट करा.

आता का ते सांगतो. अथेन्सच्या पायरियस बंदरापासून सँटोरिनी साधारण १३० सागरी मैल, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तुमची ४०-४५ फुटी बोट ताशी ५-६ मैल जाणार, वारा बरा असेल तर. म्हणजे नुसतं जायलाच न थांबता जवळजवळ पूर्ण दिवस आणि रात्र, आणि तेवढंच परत यायचं, तेही उत्तरेकडे म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, नागमोडी जाते, त्यामुळे १३० चे दीडपट मैल होतात. तुमच्या शीटमध्ये वाऱ्याचा कॉलम नाहीये हीच गडबड आहे.

तिकडे उन्हाळ्यात मेल्टेमी म्हणून वारा असतो, उत्तरेकडून येतो, जुलै-ऑगस्ट त्याचा भर. मायकोनोस-पारोस पट्ट्यात वाऱ्याच्या मोजपट्टीवर सहा-सात ब्यूफर्ट म्हणजे २२ ते ३३ नॉट (ताशी सागरी मैल), आणि एकदा लागला की तीन-चार दिवस सोडत नाही. आभाळ निळंशार, ऊन लख्ख, ढगाचा पत्ता नाही आणि समुद्र पांढरा झालेला. तीन वर्षांपूर्वी आम्ही नाक्सोसच्या बंदरात तीन दिवस अडकलो होतो, रोज सकाळी उठून धक्क्यावर जायचं, समुद्राकडे बघायचं, मान हलवून परत कॉफी प्यायला बसायचं. शनिवारी बोट परत द्यायची होती. शेवटी ती तिथेच कंपनीच्या माणसाच्या ताब्यात दिली आणि आम्ही फेरीने अथेन्सला आलो, त्याचा भुर्दंड वेगळा.

तुम्हाला निवांत सुट्टी हवी आहे ना? मग दोनच भाग. एक म्हणजे आयोनियन, पश्चिमेकडे, लेफकादा, इथाका, केफालोनिया ही बेटं. तिथे दुपारनंतर मंद वायव्येचा वारा येतो आणि संध्याकाळी पडतो, अगदी ऑफिसला जाणाऱ्या माणसासारखा. दुसरा सारोनिक आखात, अथेन्सच्या दारातच. एजिना, पोरोस, हायड्रा, स्पेट्सेस. अॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या आसपासच्या जमिनीच्या आडोशामुळे मेल्टेमीचा जोर कमी होतो आणि एका मुक्कामापासून दुसरा १२ ते १६ मैल, म्हणजे सकाळी पोहा, अकराला निघा, तीनला पोचा. आई बरोबर आहेत आणि विमान अथेन्सला उतरतंय तर सारोनिक. चार बेटं खूप झाली. तीन झाली तरी चालेल.

लायसन लागतं. स्किपरकडे (म्हणजे बोटीच्या कप्तानाकडे) आयसीसी हे बोट चालवण्याचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट किंवा त्याच्या तोडीचं काही हवं आणि बरोबर एक अनुभवी माणूस. माझ्याकडे जर्मनीचं एसकेएस हे तसंच सर्टिफिकेट आहे, त्याला परीक्षेआधी ३०० मैल भरावे लागतात. यूट्यूबचे मैल धरत नाहीत हे साडूंना सांगा. तुम्ही स्किपर घ्या, सरळ.

वर्सोव्याची_नाखवीण | १५ फेब्रुवारी, सकाळी ८:१२

हरी +१. आमच्याकडे आता सगळ्या होड्यांना इंजिन, शीड बघायला मिळत नाही, पण आजोबा शिडावर जायचे. ते म्हणायचे शिडाची होडी घरी कधी येणार हे बायकोने विचारायचं नसतं. तुम्ही तर तारीख वार टाकून एक्सेल केलंय.

आईंना बोट लागेल का ते आधी बघा. पुण्याहून थेट नेऊ नका, एकदा भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला न्या, दीड तासात कळेल. आणि बोट लागली की माणूस आत जाऊन आडवं पडायला बघतं, तेच चुकतं. वर बसायचं, वारा तोंडावर घ्यायचा, लांब जिथे पाणी आणि आभाळ मिळतं तिथे नजर ठेवायची. मोबाईल बघायचा नाही. गोळी डॉक्टरला विचारून निघायच्या आधी घ्यायची, ओकारी सुरू झाल्यावर नाही. खिशात आलेपाक ठेवा.

भूगोल_मास्तर | १५ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

हरीने मेल्टेमीचा विषय काढलाच आहे तर थोडं अवांतर करतो, निवृत्त मास्तरला आवरत नाही.

या वाऱ्याला प्राचीन ग्रीक लोक 'एतेसियन' म्हणत, म्हणजे वर्षाचे वारे, दरवर्षी ठरल्या वेळी येणारे. आपल्याकडे 'मौसम'वरून मान्सून आला, तसंच काहीसं. आणि नात्यानेही हे दोघे भाऊबंद आहेत. उन्हाळ्यात आशिया तापतो, पाकिस्तान-वायव्य भारतावर कमी दाबाचा मोठा पट्टा तयार होतो ज्याच्या ओढीने आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारे येतात, आणि त्याच कमी दाबाचं एक शेपूट इराणवरून पार तुर्कस्तानपर्यंत पोचतं. दुसऱ्या बाजूला बाल्कनवर जास्त दाब. जास्तीकडून कमीकडे हवा जायला बघते, पृथ्वीच्या फिरण्याने वळते, आणि एजियन समुद्रावरून उत्तर वारा वाहायला लागतो. म्हणजे रत्नागिरीत जुलैत पत्रे उडतात तेव्हा तिकडे मायकोनोसला टेबलावरचे रुमाल उडत असतात, कारण बरंचसं एकच. मान्सून परतीला लागला की मेल्टेमीही सुस्तावतो. त्यामुळे सप्टेंबरचा शेवट हे तुमचं टायमिंग उत्तम आहे.

सातवीच्या पुस्तकातले खारे वारे-मतलई वारे तिथे अंगावर अनुभवायला मिळतील, एवढंच सांगून रजा घेतो.

वर्सोव्याची_नाखवीण | १५ फेब्रुवारी, सकाळी १०:०३

मास्तर, हे माहीत नव्हतं. आमची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते ती ज्या वाऱ्यापायी, त्याचाच भाऊ तिकडे लोकांच्या सुट्ट्या खातोय तर.

तिखटमीठ | १५ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

शाकाहारी लोकांनी ग्रीसची अजिबात भीती बाळगू नये, इटलीपेक्षा बरं जमतं असं माझं मत. कारण त्यांच्याकडे चर्चचे उपास खूप. उपासाला मांस, दूध, अंडी, चीज काही नाही, त्यामुळे तेलात शिजवलेल्या भाज्या-कडधान्यांचे शेकड्याने प्रकार आहेत. 'निस्तीसिमा' एवढा एक शब्द पाठ करा, म्हणजे उपासाचं. आपल्यासारखा साबुदाणा नाही, पण कल्पना तीच. फक्त कोळंबी, माकूल त्यांच्या उपासाला चालतात, तेवढं विचारून घ्या!

गिगांतेस म्हणजे टोमॅटोतले मोठे पांढरे पावटे म्हणा, ब्रियाम म्हणजे वांगं-बटाटा-झुकिनी ओव्हनमध्ये, गेमिस्ता म्हणजे भात भरलेली भोपळी मिरची आणि टोमॅटो (यात कधी कधी खिमा असतो, विचारा), होर्ता म्हणजे उकडलेली पालेभाजी वर लिंबू पिळून. आणि फावा. फावा म्हणजे काय ते सांगत नाही, आईंना खायला घाला आणि त्या काय म्हणतात ते इथे येऊन लिहा.

पायरियस_रिटर्न | १६ फेब्रुवारी, रात्री ९:१५

मर्चंट नेव्हीत २२ वर्षं, कंपनीचं ऑफिस पायरियसला असल्याने तिथे जाणं-येणं खूप. जगातली कितीतरी जहाजं ग्रीक मालकांची आणि त्यावर आपली कोकणातली पोरं, त्यामुळे तिथे दुकानात कुणी 'इंडिया? सीमन?' विचारलं तर दचकू नका.

काही बारीक गोष्टी. बोटी शनिवार ते शनिवार मिळतात. शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला ताबा, पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी बोट तळावर परत आणायची, शनिवारी सकाळी नऊला बाहेर. म्हणजे तुमचे सात दिवस मुळात सहाच आहेत, त्यातला पहिला सामान भरण्यात जातो.

किनाऱ्यावर सुद्धा टॉयलेटमध्ये कागद टाकत नाहीत, बाजूच्या डब्यात टाकतात, पाइप बारीक असतात. बोटीवर तर हातपंपच असतो. पंप तुंबला तर तो उघडून साफ करणाऱ्याशी बाकीचे पाच जण दिवसभर बोलत नाहीत.

चाकांच्या कडक बॅगा आणू नका, ठेवायला जागाच नसते. मऊ पिशव्या, घडी होणाऱ्या. व्हिसाच्या अर्जाला बोटीचा करारनामा जोडा, पहिल्या-शेवटच्या रात्रीचं हॉटेल वेगळं. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो झालीये. कुकर चालेल, गॅसची शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते, बोट कलली तरी ती सरळ राहते. पण चालत्या बोटीत कुकर लावू नका, प्लीज.

मंद्रसप्तक | १६ फेब्रुवारी, रात्री ११:५०

शीट डिलीट केली. (बायकोने टाळ्या वाजवल्या.) सारोनिक, स्किपरसह, गणपती झाल्यावर. आई म्हणते पितृपक्षात कुठे समुद्र ओलांडायचा, तिला सांगितलं ओलांडायचा नाहीये, कडेकडेने जायचंय. परत आल्यावर लिहीन.

काडेपेटी | १७ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

असं म्हणणारे सगळे परत येतात आणि कुणीच लिहीत नाही.

मंद्रसप्तक | ९ ऑक्टोबर, रात्री ९:२०

धागा वर काढतोय. काडेपेटी, हे घ्या.

४५ फुटी बोट, चार केबिन, तीन आमच्या आणि एक स्किपरची. आम्हाला आठवड्याचे ३४०० युरो पडले, स्किपरचे दिवसाला २०० आणि त्याचं जेवण आमच्यात. डिझेल, पाणी, धक्क्याचं भाडं मिळून फार नाही. सहा जणांत वाटल्यावर हॉटेलांपेक्षा फार जास्त नव्हतं, विमानं आणि व्हिसा सोडून बोलतोय.

पहिला दिवस एजिना. अथेन्सच्या अलिमोस मरीनातून निघालो तेव्हा वारा शून्य, तीन तास इंजिन. साडू सुकाणूपाशी कॅप्टनची टोपी घालून उभा आणि इंजिनची घरघर, त्याचा चेहरा बघवत नव्हता. मग एजिना दिसायला लागल्यावर पाण्यावर बारीक काळपट सुरकुत्या आल्या, स्किपर म्हणाला आता, आणि शीड वर चढवून त्याने इंजिन बंद केलं. तो आवाज थांबला त्या क्षणाबद्दल मी आधी वाचलं होतं तरी काही उपयोग नाही. पाणी बोटीच्या अंगाला घासत जातंय एवढंच ऐकू येतं. बोट हळूच एका कुशीवर कलली आणि आई "अगंबाई" म्हणाली आणि मग अर्धा तास कुणी काही बोललंच नाही, आमच्या घरात हे रेकॉर्ड आहे.

एजिनाला पिस्ते. धक्क्यावर रांगेने दुकानं, भाजलेले, खारवलेले, गूळपापडीसारख्या वड्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीने वर अफायाचं देऊळ, इसवी सनापूर्वी ५०० च्या आसपासचं. बरेच खांब अजून उभे आहेत, आजूबाजूला पाइनची झाडं आणि खाली दोन्हीकडे समुद्र. आठ-दहाच माणसं होती. युरोपातली अगदी सुरुवातीची चांदीची नाणी या एवढ्याशा बेटाने पाडली, त्यावर कासव होतं, हे भाचीने सांगितलं, तिच्या शाळेत होतं.

तिथून पोरोस. इथे जास्त लिहितो.

पोरोसला शिरताना एका बाजूला बेट, दुसऱ्या बाजूला मुख्य जमिनीवरचं गालातास गाव, आणि मधे नदीएवढीच पट्टी पाण्याची. गाव डोंगरावर पांढरं-पिवळं चढत गेलेलं, टोकाला घड्याळाचा निळा-पांढरा मनोरा. बोटी धक्क्याला आडव्या नाही लावत, तोंड समुद्राकडे आणि पाठ धक्क्याला. म्हणजे आधी चाळीस-पन्नास मीटर लांब पुढचा नांगर सोडायचा, साखळी खडखडत जाते, आणि मग रिव्हर्समध्ये येऊन दोन बोटींच्या फटीत घुसायचं. भूमध्य समुद्राला आपल्यासारखी भरती-ओहोटी नाही, पाणी वीतभर वरखाली होतं, म्हणून हे जमतं. वर्सोव्याच्या ताईंना हे ऐकून हसू येईल. मग पाठीमागून धक्क्यावर एक फळी टाकायची आणि त्यावरून ये-जा. फळी माझ्या दोन पावलांएवढी रुंद, खाली पाणी.

आईच्या गुडघ्यांची काळजी मी सहा महिने केली होती, पण या फळीचा विचार केला नव्हता. स्किपर, पन्नाशीचा दाढीवाला माणूस, इंग्लिश बेताचं, तो धक्क्यावर उभा राहिला, हात पुढे केला आणि म्हणाला "सीगा, सीगा." हळू, हळू. आईने त्याचा हात धरला, चप्पल काढून माझ्याकडे दिली आणि अनवाणी गेली. त्या दिवसापासून आई सगळ्यांना सीगा सीगा म्हणायला लागली. परवा इथे रिक्षावाल्याला म्हणाली.

रात्री धक्क्यावरच्या खानावळीत फावा मागवला, तिखटमीठच्या आदेशानुसार. पिवळी वाटलेली डाळ, वर कच्चा कांदा, ऑलिव्ह तेल, लिंबाची फोड. आईने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि मग वेटरकडे बघून शुद्ध मराठीत म्हणाली, "वरण छान झालंय, फोडणी राहिली." दुसऱ्या दिवशी बायकोने सुपरमार्केटातून तीच डाळ आणली आणि बोटीवर कुकर लावला, वर जिरं-हिंग-लसूण. स्किपरने तीन वाट्या खाल्ल्या आणि भांडं पुसून घेतलं ब्रेडने. आणि इथेच दुर्घटना. कुकर धुवायला मी पाठीमागच्या पायरीवर बसलो, शिट्टी काढून बाजूला ठेवली, शेजारून मच्छीमारी होडी गेली, लाट आली, शिट्टी टुणकन पाण्यात. भाचीने गॉगल लावून चार वेळा बुडी मारली. मिळाली नाही. बायकोने मला २५ वर्षांच्या संसाराचा हिशोब तिथेच दिला.

मग हायड्रा. बेटावर गाड्या, स्कूटर, सायकली काही नाही, कचऱ्याची गाडी सोडून. सामान खेचरांवर. फ्रीज खेचरावर बांधून चाललेला बघितला. आई म्हणाली, हे तर माथेरान, फक्त लाल माती नाही. बंदर घोड्याच्या नालेसारखं आणि एवढंसं की साडेतीनला पोचलो तर धक्का फुल्ल, आमच्यापुढे दुसरी रांग लागलेली, त्या रांगेत आमची बोट. म्हणजे किनाऱ्यावर जायचं तर अनोळखी माणसांच्या बोटीवरून. पोलिश कुटुंब होतं, त्यांच्या डेकवरून आई जाताना ते उठून उभे राहायचे.

खरी मजा सकाळी. आमचा नांगर वर येईना, मोटर कुरकुरायला लागली. स्किपरने वाकून बघितलं, नांगराच्या आकड्यावर दुसऱ्या कुणाची तरी जाडजूड साखळी लटकलेली. रात्रीत तीन बोटींनी आमच्यावरून साखळ्या टाकल्या होत्या. मला वाटलं आता भांडण. तो सगळं शांतपणे करत होता. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर पालथा पडला, एक दोरी त्या परक्या साखळीखालून ओवली, दोन्ही टोकं बोटीला बांधली, मग आमचा नांगर पुन्हा थोडा खाली सोडला. आता परकी साखळी दोरीवर टांगलेली आणि आमचा नांगर मोकळा. नांगर बाजूने वर घेतला, दोरीचं एक टोक सोडलं, साखळी धप्पकन खाली. वीस मिनिटं. आजूबाजूच्या पाच बोटींवरचे लोक कॉफीचे कप घेऊन बघत होते, काय करावं यावर प्रत्येकाचं वेगळं मत, वेगळ्या भाषेत. आपल्याकडे जेसीबी बघतात तसं.

स्पेट्सेस राहिलं. हायड्राहून निघालो तर समोरून वारा, स्किपर म्हणाला जाऊ शकतो पण आजी ओल्या होतील. मत घेतलं, पाच विरुद्ध एक (साडू). मागे वळून एका रिकाम्या खाडीत नांगर टाकला आणि दिवसभर तिथेच. पोहणं, झोप, पत्ते. पाणी इतकं स्वच्छ की आठ मीटर खोल नांगर वाळूत रुतलेला वरून दिसत होता. मला आत्ता विचाराल तर सगळ्यात चांगला दिवस तो होता आणि त्याचं नावही मला माहीत नाही, खाडीचं म्हणजे.

शेवटचं एपिदावरोस. जुन्या एपिदावरोसच्या धक्क्याला बोट, तिथून टॅक्सीने आत थिएटर, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं. आवाजाबद्दल सगळे सांगतात. बायको आणि भाची वर शेवटच्या रांगेत चढल्या, आई गुडघ्यांमुळे खालीच, मधल्या गोल जागेपाशी. गाइड लोक तिथे टाळ्या वाजवून दाखवत होते. आईने तिच्या नेहमीच्या आवाजात मला विचारलं, "पाण्याची बाटली कुणाकडे आहे रे?" आणि वरून बायको म्हणाली, "माझ्याकडे आहे आई."

तक्रार एकच. बोट परत देताना कंपनीने छोट्या रबरी होडीच्या मोटरवरच्या ओरखड्याचे १४० युरो डिपॉझिटमधून कापले, तो ओरखडा आधीपासून होता असं आमची मेहुणी शपथेवर सांगते पण फोटो कुणी काढला नव्हता. तुम्ही काढा. ताबा घेतानाच, प्रत्येक कोपऱ्याचा.

रात्री वारा सुटला की दोऱ्या डोलकाठीवर टक टक वाजतात, पहिल्या रात्री झोप लागली नाही. आता घरी पंख्याखाली झोप लागत नाही.

तिखटमीठ | ९ ऑक्टोबर, रात्री ९:५१

"फोडणी राहिली" 😂 आईंना दंडवत. मला अगदी हेच ऐकायचं होतं.

हॅम्बुर्गचा_हरी | ९ ऑक्टोबर, रात्री १०:०८

मस्त लिहिलंय. स्पेट्सेस सोडलंत ते बरोबर केलंत. हायड्राला साडेतीनला पोचलात म्हणजे उशीरच, एकच्या आत पोचायला हवं किंवा शेजारच्या मांद्राकी खाडीत नांगर टाकून वॉटर टॅक्सीने जायचं. स्किपरने दोरीची युक्ती केली ती मला शिकायला दोन वर्षं आणि एक भलंमोठं बिल लागलं.

वर्सोव्याची_नाखवीण | १० ऑक्टोबर, सकाळी ७:४५

हसू आलंच. वीतभर भरती! आमच्याकडे तशी बोट बांधून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत चिखलात बसलेली असेल. आणि नाळेवर पालथा पडून काम करणारा तांडेल म्हणजे खरा तांडेल. बोट लागली का कुणाला?

मंद्रसप्तक | १० ऑक्टोबर, सकाळी ९:१०

फक्त साडूला. टोपीसकट.

काडेपेटी | १० ऑक्टोबर, सकाळी ११:३२

माघार. पण फोटो कुठेत? आणि चार केबिनची बोट मे महिन्यात स्वस्त मिळते का, सहज विचारतोय.

पायरियस_रिटर्न | १० ऑक्टोबर, दुपारी १:१५

मिळते, पण मेमध्ये पाणी गार, १८-१९ डिग्री. जून पहिला आठवडा बघा. (सहज विचारतोय म्हणे.)

हॅम्बुर्गचा_हरी | १० ऑक्टोबर, रात्री ८:४०

आम्ही जूनमध्ये पोरोसलाच आहोत, मुलगा स्कूबा शिकलाय. शिट्टी नक्की कुठे पडली?

मंद्रसप्तक | १० ऑक्टोबर, रात्री ८:५५

घड्याळाच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की धक्क्यावर पाण्याच्या नळाचा निळा खांब आहे, त्याच्या डावीकडे तिसरी बोट. खोली साडेपाच मीटर, खाली चिखल. बायको म्हणते मिळाली तर पोस्टाने नको, हातात आणून द्या.